मेंदूची तालीम आणि शेकड्याचा हिशेब

मे महिन्यात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातली गावे पहाटेच रिकामी होतात. तेंदूपत्त्याचा हंगाम थोड्या दिवसांचा. ऊन चढण्याआधी पाने तोडायची, दुपारी सावलीत बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. एका पुड्यात ७० पाने. मजुरी शेकड्यावर, म्हणजे शंभर पुड्यांमागे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पाने. घरातली मुले पुडे बांधायला बसतात आणि हिशेबातही असतात. आज किती झाले, कालचे किती होते, खराब म्हणून किती बाजूला काढले, उरलेल्यांचे किती रुपये येतील, हे सगळे तोंडी चालते. पुढे शाळा उघडते, फळ्यावर ‘७० × ३६’ असे उदाहरण येते, आणि शेकड्याचा हिशेब करणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जण पाटीकडे पाहत गप्प बसतात. ‘पोराचं डोकं चालतं, पण अभ्यासात चालत नाही,’ हे वाक्य चंद्रपूर आणि गडचिरोलीत पालकांच्याही तोंडी असते आणि शिक्षकांच्याही.

या कोड्याचे उत्तर विकायला बाजार तयार आहे. रोज पंधरा मिनिटे अमुक खेळ खेळा, स्मरणशक्ती वाढेल, एकाग्रता वाढेल, मग कोणताही विषय सोपा जाईल, अशा जाहिराती मोबाइलवर येतात, आणि मोबाइल आता दुर्गम तालुक्यांतही पोचला आहे. जिल्ह्याच्या गावी अबॅकसचे वर्ग आहेत. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ही महाराष्ट्रात भरपूर शुल्क घेऊन फिरून गेले. त्यात नाकाजवळच्या फटीतून मूल खाली पाहते, एवढेच घडते. विवेकवादी कार्यकर्त्यांनी जाहीर आव्हाने देऊन हा प्रकार उघडा पाडला. तो सरळ फसवणुकीचा धंदा होता, त्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही. खरा प्रश्न प्रामाणिकपणे बनवलेल्या खेळांचा आहे. त्यांनी मुलांच्या शिकण्यात फरक पडतो का?

या खेळांच्या मुळाशी असलेली समजूत फार जुनी आहे. मेंदू म्हणजे स्नायू. आखाड्यात जोर-बैठका काढल्या की पैलवानाच्या मांड्या बळकट होतात, आणि त्या मांड्या कुस्तीलाही उपयोगी पडतात, पोते उचलायलाही. तसेच पाठांतर केले की स्मरणशक्ती बळावते आणि मग इतिहास, भूगोल, कायदा, काहीही लक्षात राहते. आपल्याकडे पावकी, निमकी, दीडकी, औटकीची घोकंपट्टी झाली, श्लोक पाठ झाले, त्यामागे हाही एक विचार होता. युरोपात हीच भूमिका लॅटिनने बजावली. लॅटिन पुढे वापरात येवो न येवो, त्याने बुद्धीला शिस्त लागते असे शतकानुशतके मानले गेले.

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ही समजूत स्वतःवरच तपासली. त्याने व्हिक्टर ह्यूगोच्या एका कवितेच्या १५८ ओळी पाठ केल्या, त्याला सुमारे १३२ मिनिटे लागली. मग ३८ दिवस रोज वीस मिनिटे मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’चा पहिला सर्ग पाठ करत राहिला. एवढ्या तालमीनंतर ह्यूगोच्याच पुढच्या १५८ ओळी घेतल्या. आता लागली एकशे साडेएक्कावन्न मिनिटे, म्हणजे आधीपेक्षा जास्त. हे त्याने १८९० च्या आपल्या ग्रंथात नोंदवले. एकाच माणसावरचा प्रयोग, तोही थकलेल्या माणसावरचा, म्हणून त्यावर फार भार टाकता येणार नाही. पण १९०१ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी पद्धतशीर प्रयोग केले. लोकांना आयतांचे क्षेत्रफळ नजरेने ओळखण्याचा सराव दिला, मग निराळ्या आकाराच्या आणि निराळ्या मापाच्या आकृत्या दाखवल्या. सराव झालेल्या आकृत्यांत आलेली सफाई नव्या आकृत्यांत फारशी उतरली नाही. दोन कामांत जेवढे घटक सारखे, तेवढाच एका कामाचा सराव दुसऱ्याला उपयोगी, असे त्यांनी मांडले. १९२४ मध्ये थॉर्नडाइकने आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांची तपासणी केली. लॅटिन किंवा भूमिती घेणाऱ्यांची विचारशक्ती इतर विषय घेणाऱ्यांपेक्षा उल्लेखनीय वाढलेली दिसली नाही.

पुढच्या शंभर वर्षांत या निष्कर्षाला अनेकांनी धक्के देऊन पाहिले. तो बऱ्याच अंशी उभा आहे.

१९८० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर विसरता येत नाही. साधारण बुद्धीच्या स्टीव्ह फॅलून या महाविद्यालयीन तरुणाला अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी वीस महिन्यांत सुमारे २३० तास आकडे लक्षात ठेवण्याचा सराव दिला. सुरुवातीला तो एका वेळी सात आकडे ऐकून परत म्हणू शके. शेवटी तो ७९ आकड्यांपर्यंत गेला. हा तरुण लांब पल्ल्याचा धावपटू होता, त्यामुळे ऐकलेल्या आकड्यांचे तो शर्यतींच्या वेळांत गट पाडत असे. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरे ऐकवली. तो सहावर अडकला! ७९ आकडे धरून ठेवणारी ‘स्मरणशक्ती’ अक्षरांच्या कामी आली नाही, कारण वाढली होती ती आकडे बांधण्याची एक युक्ती.

बुद्धिबळाचेही तसेच. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, त्याचा अभिमान विदर्भाने मिरवावा असाच आहे. मुलांनी बुद्धिबळ जरूर खेळावे, कारण तो सुंदर खेळ आहे. पण ‘बुद्धिबळाने गणित सुधारते’ म्हणून कोणी पटांची खरेदी सुचवत असेल, तर इंग्लंडमधला अनुभव समोर ठेवावा. तिथे शंभर प्राथमिक शाळांत चार हजारांवर मुलांचा अभ्यास झाला. निम्म्या शाळांनी वर्गाच्या वेळात तीस तास बुद्धिबळ शिकवले. वर्षभरानंतर गणिताच्या गुणांत दोन्ही गटांत फरक नव्हता. हा अहवाल २०१६ चा.

संगणकावरच्या खेळांची कसोटीही मोठ्या प्रमाणावर झाली आहे. २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये ॲड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, बीबीसीच्या मदतीने केलेला. ११,४३० प्रौढांनी सहा आठवडे मेंदूचे खेळ खेळले. ज्या खेळाचा सराव केला त्यात प्रत्येक जण तरबेज झाला. त्याच्याशी मिळत्याजुळत्या, पण सराव न केलेल्या चाचण्यांत मात्र काही लाभ झाला नाही. जानेवारी २०१६ मध्ये ‘ल्युमॉसिटी’ या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड केली आणि २० लाख डॉलर भरले. शाळेतली आणि कामातली कामगिरी सुधारते, विस्मरण लांबते, असे दावे कंपनीने पुरेशा पुराव्याशिवाय केले, असा आयोगाचा आरोप होता.

शाळकरी मुलांसाठी सर्वात बोलका अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा. ज्यांची कार्यस्मृती, म्हणजे ऐकलेले-पाहिलेले काही क्षण मनात धरून त्यावर काम करण्याची क्षमता, कमी आहे अशी सहा-सात वर्षांची ४५२ मुले निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला वर्गातून बाहेर काढून वीस-पंचवीस सत्रे ‘कॉगमेड’ हा संगणकी सराव दिला. दोन वर्षांनी पाहिले तर वाचन आणि शुद्धलेखन दोन्ही गटांचे सारखेच होते, आणि गणितात सराव घेतलेली मुले किंचित मागेच होती. सरावाचा तास आकाशातून पडत नाही. तो कुठल्या तरी धड्याच्या तासातून कापलेला असतो, ही गोष्ट या अभ्यासाने दाखवून दिली.

विरुद्ध बाजूचा पुरावा दडवणे योग्य होणार नाही. जर्मनीतल्या माइन्झ परिसरात पहिलीच्या मुलांना पाच आठवडे कार्यस्मृतीचा सराव दिला, तेव्हा पुढील काळात काही शालेय कौशल्यांत सुधारणा दिसली. हे संशोधन गंभीर आहे, आणि यामुळे शास्त्रज्ञांतला वाद पुरता मिटलेला नाही. पण बहुतेक पुरावा ज्या बाजूला झुकतो, ती बाजू स्पष्ट आहे: खेळाने खेळ सुधारतो.

आपल्या जवळचा पुरावा हवा असेल तर वडोद्याला जावे. गायकवाडांच्या या नगरीत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि शिक्षणातले दोन महत्त्वाचे प्रयोग तिथे झाले. पहिला अबॅकसचा. डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी २०४ मुलांचा तीन वर्षे अभ्यास केला. काहींना अबॅकस मनात आणून गणित करायला शिकवले, उरलेल्यांना तेवढाच जादा वेळ नेहमीच्या पद्धतीने गणित शिकवले. अबॅकसवाल्यांची आकडेमोड काहीशी अधिक सुधारली. कार्यस्मृती किंवा इतर मूलभूत बौद्धिक क्षमता वाढल्या नाहीत. म्हणजे अबॅकस हे आकडेमोडीचे चांगले साधन आहे, एवढे म्हणता येते. ‘मेंदूचा विकास’ हा पाटीवरचा मजकूर पुराव्यात सापडत नाही.

दुसरा प्रयोग आणखी मोलाचा. २००२ ते २००४ या काळात ‘प्रथम’ संस्थेने वडोद्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोन मुले. हे खेळ सर्वसाधारण ‘बुद्धी’चे नव्हते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांचेच होते, आणि मूल ज्या पायरीवर आहे तिथूनच सुरू होत. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मोजणी केली. दुसऱ्या वर्षअखेर लाभ इतका होता की शंभर मुलांच्या रांगेत मधोमध असलेले मूल साधारण अठरा जागा पुढे सरकले असते. लाभ गणितापुरताच राहिला, भाषेत उतरला नाही. आणि खेळ थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा ओसरला. खेळाला नावे ठेवण्याचे कारण नाही, हे यातून दिसते. खेळात काय भरले आहे आणि तो किती काळ चालू राहतो, हे महत्त्वाचे.

दिल्लीतही असाच अनुभव आला. बालवाडीच्या १,५४० मुलांवरचा अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. चार महिने संख्या आणि आकारांचे खेळ खेळलेल्या मुलांची ‘कोणत्या ढिगात ठिपके जास्त’ अशी अंदाजाची जाण वाढली आणि वर्षाहून अधिक टिकली. पहिलीतल्या आकड्यांच्या गणितात मात्र ती मुले इतरांच्या पुढे राहिली नाहीत. जाण आणि पाटीवरचा आकडा यांच्यात कोणीतरी पूल बांधावा लागतो, तो आपोआप बांधला जात नाही.

आता तेंदूच्या फळीवरच्या मुलांकडे परत वळता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ने बॅनर्जी, दुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांचा लेख छापला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजीपाला, किरकोळ माल विकणारी १,४३६ मुले त्यांनी अभ्यासली. वीस रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, पंधरा रुपये किलोचे १,४०० ग्रॅम कांदे, एकूण किती, अशा तऱ्हेचे हिशेब ही मुले कागदाशिवाय करत. तीच गणिते शाळेच्या मांडणीत दिली की बहुतेक जण अडखळत. उलट, बाजारात काम न करणाऱ्या ४७१ शाळकरी मुलांना पाटीवरची गणिते बऱ्यापैकी येत आणि बाजारातला हिशेब येत नसे. ब्राझीलच्या रेसिफे शहरात फेरीवाल्या मुलांबाबत १९८५ मध्येच हे दिसले होते. रस्त्यावर जवळपास सगळी उत्तरे बरोबर, कागदावर ३७ टक्के.

म्हणजे गडचिरोलीच्या मुलाचे डोके ‘कमी चालते’ ही गोष्ट मुळातच चुकीची आहे. शेकड्याचा हिशेब करणारी कार्यस्मृती, एकाग्रता, तर्क हे सगळे त्याच्याकडे आहे. त्याच्याकडे नाही ती तोंडी हिशेबापासून लिहिलेल्या गुणाकारापर्यंत नेणारी वाट, आणि ती दाखवणारा माणूस. अशा मुलाच्या हातात रंगीत ठोकळे जुळवायचा खेळ देणे म्हणजे त्याला जे आधीच येते तेच पुन्हा शिकवणे होय. हे मनाला लागते, कारण वेळ आणि पैसा दोन्ही त्याच्या वाट्याचे कमी असतात.

परीक्षांनीही या गोंधळात भर घातली आहे. गडचिरोलीत घोट आणि चंद्रपूर जिल्ह्यात तळोधी (बाळापूर) इथे जवाहर नवोदय विद्यालये आहेत. त्यांच्या प्रवेश परीक्षेत १०० पैकी ५० गुण ‘मानसिक क्षमता चाचणी’ला असतात. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा, उरलेला तुकडा बसवा. शिष्यवृत्ती परीक्षेतही ‘बुद्धिमत्ता चाचणी’ आहे. सरावाने या प्रश्नांचे गुण वाढतात, आणि ज्या आईवडिलांना मुलाला नवोदयला पाठवायचे आहे त्यांनी हा सराव अवश्य करून घ्यावा. तो संधीचा दरवाजा आहे. फक्त त्या सरावाने मुलाची बुद्धी वाढली असे मानून भाषेचा आणि गणिताचा तास त्यावर खर्च होऊ देऊ नये. बुद्धिमापन चाचणीचा जनक आल्फ्रेद बिने यानेही १९०५ मध्ये ती बनवली ती मागे पडणारी मुले ओळखून त्यांना जादा मदत देता यावी म्हणून. व्ही. व्ही. कामत यांनी पुढे तिचे रूपांतर मराठी आणि कन्नड मुलांसाठी केले. मदतीसाठी बनवलेले हे माप निवडीची चाळणी झाले आहे.

मग बुद्धी वाढवणारे काहीच नाही का? आहे, आणि त्याचा पुरावा भक्कम आहे. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. शाळेत घालवलेल्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यांक १ ते ५ गुणांनी वाढतो असे आढळले. मेंदूची जी तालीम जाहिरातींत शोधली जाते, ती रोज भरणारी, नीट शिकवणारी साधी शाळाच देते.

या दोन जिल्ह्यांत ही साधी शाळाच दुर्मिळ होते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. एकाच शिक्षकाला अनेक वर्ग सांभाळावे लागतात. आणि भाषेचा प्रश्न तर पहिल्या दिवसापासून उभा असतो. भामरागड, एटापल्लीत घरची भाषा माडिया, धानोरा-कोरचीत गोंडी, सिरोंचात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, जिवतीच्या डोंगरावर गोंडी आणि कोलामी. घरात ‘उंदी, रंड, मुंड’ मोजणारे मूल शाळेत ‘एकोणसाठ’ म्हणजे साठाच्या आधीचा आकडा हे उलटून समजून घेते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावन्न’साठी ‘पन्नास सात’ असे वाचन सुचवले, तेव्हा शहरांत केवढी टिंगल झाली! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांच्या अडचणीचे कारण शांतपणे समजावून सांगितले होते. माडिया मुलाच्या बाकावर बसून पाहिले असते तर टिंगल करणाऱ्यांना ते पटले असते.

हेमलकशाच्या लोकबिरादरी आश्रमशाळेने १९७६ पासून या भाषेच्या भिंतीशी झुंज दिली आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, आणि तिच्या मान्यतेचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. मुलाला समजणाऱ्या भाषेत शिकवणारी शाळा गावाने उभारावी आणि तिच्या अस्तित्वासाठी त्यालाच न्यायालयात जावे लागावे, ही लाजेची बाब आहे.

शरीराकडेही पाहायला हवे. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा दरवर्षी मोठा असतो. रक्तक्षय आणि सिकलसेल ही इथली जुनी दुखणी. आजारी, उपाशी, अपुऱ्या झोपेच्या मुलाला एकाग्रतेचे ॲप देणे क्रूर आहे. लोहाची गोळी, मच्छरदाणी आणि वेळेवर मिळणारे शाळेतले जेवण मेंदूच्या वाढीसाठी कोणत्याही खेळाच्या आधी येतात.

वर्गात काय करावे, याची उत्तरे साधी आणि स्वस्त आहेत. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून सांगणे जास्त टिकते, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवले. एकाच दिवशी तासभर घोकण्यापेक्षा तोच सराव काही दिवसांच्या अंतराने विभागला तर जास्त लक्षात राहतो, हे तर एबिंगहाउसच्या १८८५ च्या प्रयोगांपासून माहीत आहे. मुंबई आणि वडोद्यात २००१ ते २००३ मध्ये ‘बालसखी’ म्हणून नेमलेल्या स्थानिक तरुणींनी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास त्यांच्या पातळीवरून शिकवले. सर्वात मागची मुले सर्वात जास्त पुढे आली. गडचिरोलीत बारावी झालेल्या, गोंडी-माडिया आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या मुली गावोगावी आहेत. पुड्यांचा हिशेब वहीत मांडायला शिकवण्यासाठी त्यांच्याहून योग्य कोण?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाने रोजच्या कामातून शिकणे मोठ्यांच्या बाबतीत करून दाखवले आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवला, वनहक्काचा कायदा वाचला, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कायदा, लिलाव, जमाखर्च हे सगळे गाव शिकले, कारण रोज त्याचेच काम होते.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना, आदिवासी विकास प्रकल्पांच्या अधिकाऱ्यांना आणि सीएसआर निधी देणाऱ्या खाण-सिमेंट कंपन्यांना विनंती आहे. मेंदूच्या खेळांचा संच घेऊन कोणी आले, तर त्याला दोन प्रश्न विचारा. हा खेळ खेळलेल्या आणि न खेळलेल्या मुलांची वर्षभरानंतर वाचनात आणि गणितात तुलना केली आहे का? आणि ती कोणी केली, विकणाऱ्याने की दुसऱ्या कोणी? उत्तर नसेल तर तो पैसा गावातल्या एका बालसखीच्या मानधनाला द्या.